नवस बोलतो एक, फेडतो दुसरा: श्रद्धा आणि नीतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कॉलेजातल्या पोरांनी विचारलेत, पंगतीत शेजारी बसलेल्या पाहुण्यांनी विचारलेत, आणि एकदा तर एसटीत कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलाय. दर वेळी तीच उत्तरं देऊन कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

सरळ सांगा, श्रद्धेने माणूस सुधारतो की बिघडतो?

दोन्ही. ही पळवाट वाटेल, पण एकाच देव्हाऱ्यासमोर दोन्ही होताना मी पाहिलंय. आमचे आजोबा माळकरी. जन्मात खोटी साक्ष दिली नाही, बैलावर कधी चाबूक उगारला नाही. आणि याच आजोबांनी विधवा झालेल्या सख्ख्या बहिणीला हळदीकुंकवाच्या दिवशी माजघराबाहेर येऊ दिलं नाही. दोन्ही वेळा त्यांच्या तोंडी पांडुरंगच होता. म्हणून "श्रद्धा चांगली की वाईट" असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो: नवस बोलला कोणी आणि फेडला कोणी?

म्हणजे काय? जरा उलगडून सांगा.

स्वतः बोललेला नवस स्वतः फेडला तर माझी काही तक्रार नाही. उपास करा, अनवाणी चाला, केस द्या, नारळाचं तोरण बांधा. तुमचा देव, तुमचे पाय. तुकोबांनी या नवसांचीही खिल्ली उडवली होती; नवसाने पोरं होत असतील तर नवरा कशाला करायचा, असं त्यांनी रोकडं विचारलं. तो अधिकार त्यांचा. मी तेवढाही बोलत नाही.

घोळ होतो तो बोलणारा एक आणि फेडणारा दुसरा असला की. देवदासी प्रथा घ्या. घरातलं दुखणं हटावं, मुलगा व्हावा म्हणून आईबापांनी यल्लम्मा देवीला नवस बोलायचा आणि फेडायला पुढे करायची पोर. तिचं लग्न देवाशी लागायचं, म्हणजे माणसाशी कधीच लागायचं नाही. पुढचं सगळं आयुष्य तिने त्या एका वाक्याचं व्याज भरायचं. कोल्हापूर, सांगली, सोलापूरपासून पार कर्नाटकातल्या सौंदत्तीपर्यंतच्या पट्ट्यात हे पिढ्यानपिढ्या चाललं. मुंबई इलाख्यात १९३४ साली कायदा झाला, कर्नाटकात १९८२ साली झाला, महाराष्ट्राला पुन्हा २००५ चा वेगळा कायदा करावा लागला. एवढे कायदे लागतात यावरूनच समजा, मुळं किती खोल होती.

याच पट्ट्यात जटेचा प्रकार. केस विंचरले गेले नाहीत, मळ साचला, चिकट झाले की गुंता होतो, साधी गोष्ट. पण बाईच्या डोक्यात तो दिसला की "देवी आली" म्हणायचं, त्याला हळदकुंकू लावायचं आणि कात्री लावली तर कोप होईल अशी धास्ती घालायची. मग मान दुखते, झोप लागत नाही, उवा होतात, नीट न्हाता येत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनवाले कार्यकर्ते घरोघर जाऊन, समजूत घालून जटा कापतात. कापायला तासभरसुद्धा लागत नाही. समजूत घालायला मात्र महिने जातात, आणि ती बहुतेक वेळा त्या बाईची नसतेच, घरातल्यांची घालावी लागते. कोपाची भीती त्यांना आणि ओझं हिच्या डोक्यावर.

आमच्या वडिलांनी माळ घातली आणि दारू सुटली. हा श्रद्धेचा फायदा नाही का?

आहे, आणि तो कमी लेखणाऱ्यांवर माझा राग आहे. गावाकडे ज्याने कधी काम केलंय त्याला माहीत आहे: व्याख्यानाने, पोस्टरने, बायकोच्या रडण्याने जी सुटली नाही ती तुळशीच्या माळेने सुटलेली घरं प्रत्येक गावात निघतात.

का सुटते, याचं माझं उत्तर थोडं रूक्ष आहे. माळ गळ्यात दिसते. गुत्त्यावर गेलात तर चार माणसं विचारतात, "बुवा, माळ काढली का?" आषाढी-कार्तिकीची दोन मुक्कामं ठरलेली, महिन्याच्या दोन एकादश्या ठरलेल्या, संध्याकाळी हरिपाठाला देवळात बसायचं ठरलेलं. ज्या वेळी हात बाटलीकडे जायचा त्या वेळी हातात टाळ येतो. नुसत्या मनातल्या श्रद्धेने एवढं झालं नसतं. शेजारी बसलेली दहा माणसं आणि ठरलेली वेळ, यांचाही त्यात वाटा आहे. विठ्ठलाचा वाटा किती आणि हरिपाठाच्या घोळक्याचा किती, हे वाटणीपत्र मला करता येत नाही, आणि ज्याची दारू सुटली त्याला ते करायची गरजही नाही.

इथे नवस कोण फेडतंय? तोच. फायदा होतो तो बायकापोरांचा. याहून चांगला व्यवहार मला माहीत नाही.

पण माळ घालून सावकारी करणारेही आहेतच की!

आहेत. गावात सगळ्यांना त्यांची नावंही पाठ असतात.

यावरून एक जुना प्रयोग आठवतो. अमेरिकेत प्रिन्स्टनला पाद्री व्हायला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना दोन मानसशास्त्रज्ञांनी एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. काहींच्या भाषणाचा विषय होता बायबलातली ती गोष्ट: वाटेत जखमी पडलेल्या माणसाला बाकीचे ओलांडून जातात, एक परका मात्र थांबतो. जाण्याच्या वाटेवर एक माणूस दारात विव्हळत बसवून ठेवला होता. १९७३ साली निष्कर्ष छापले गेले. निवांत निघालेल्यांपैकी ६३ टक्के थांबले. "उशीर झालाय, पळा" असं सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. धर्माकडे कोण कसं पाहतो यावरून कोण थांबेल ते सांगता आलं नाही. कोणाच्या डोक्यात त्या वेळी कुठलं प्रवचन घोळतंय यानेही फारसा फरक पडला नाही. विद्यार्थी अवघे चाळीस होते, तेव्हा या आकड्यांवर मोठा इमला बांधू नका. तरी पालखीच्या मुक्कामावर जागा धरायला पळणाऱ्या गर्दीत म्हातारी पडलेली ज्याने पाहिलीय, त्याला हे नवीन वाटणार नाही. आणि तिला उचलून पाणी पाजणाराही तिथलाच, गळ्यात माळ असलेलाच असतो.

वारीत सगळे समान, असं म्हणतात. हे खरं की कौतुक?

वाटेवर बरंचसं खरं. आळंदीहून पंढरपूरला अडीचशेच्या आसपास किलोमीटर चालताना समोरच्याला नाव न विचारता "माउली" म्हणायचं, त्याच्या पाया पडायचं आणि त्यानेही तुमच्या पडायचं, ही रीत मला जगातल्या फार थोड्या ठिकाणी सापडेल असं वाटतं. वयाने, पैशाने, शिक्षणाने मोठा असलेला माणूस वाकतो आणि त्याचा मान त्यात जात नाही.

देवळाच्या दारात मात्र हिशेब वेगळा होता. चोखामेळ्याची समाधी कुठे आहे ते आठवा: महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ, बाहेर. चौदाव्या शतकात मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले. त्यांचे अभंग देवळात गायले जायचे आणि त्यांच्या जातीच्या माणसाला पुढची सहाशे वर्षं देवळात पाय ठेवता येत नव्हता. सहाशे वर्षं! कीर्तनकार चोखोबांचं नाव घेऊन रडत होते आणि बाहेर उभ्या असलेल्या चोखोबाच्या पणतू-खापरपणतूंना कोणी आत बोलावत नव्हतं. श्रद्धेमुळे मन मऊ होतं असं म्हणणाऱ्यांनी या रडण्याचा विचार करावा. डोळे ओले होणं आणि दार उघडणं, यांत फार अंतर असतं.

दार उघडलं ते १९४७ साली. साने गुरुजी आधी महाराष्ट्रभर फिरले आणि १ मेपासून पंढरपुरात उपोषणाला बसले. दहाव्या दिवशी देऊळ सर्वांना खुलं झालं. गुरुजी स्वतः सश्रद्ध. दार अडवणारेही सश्रद्ध. एकाने नवस स्वतःच्या पोटावर घेतला, दुसऱ्यांनी तो दुसऱ्यांच्या मानेवर ठेवला होता.

तिथेही गोष्ट संपली नाही. बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क काढून घेणारा कायदा १९७३ साली झाला, पण कज्जे चालू राहिले आणि शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या जानेवारीत दिला. त्याच वर्षी मंदिर समितीने पूजेसाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले. चोखोबांपासून मोजा म्हणजे वेग कळेल.

अस्पृश्यता ही रूढी होती, धर्म नव्हे. धर्माला कशाला दोष?

हे वाक्य अस्पृश्यता पाळणाऱ्यांना कधी सांगितलं असतं तर त्यांनी मान्य केलं असतं का? २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्या अनुयायांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. त्यानंतर गावातल्या सनातन्यांनी १०८ घागरींत शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळून, मंत्र म्हणत तळं "शुद्ध" केलं. मंत्र म्हणत. नुसती रूढी असती तर घागरी पुरल्या असत्या, मंत्र लागले नसते. ज्या तळ्यात गुरं पाणी पीत होती ते माणसांच्या ओंजळीने बाटलं, हे पटवून द्यायला धर्माचाच आधार घ्यावा लागला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली आणि त्या ठरावामागे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण असलेले गृहस्थ होते. म्हणजे ज्यांचा तोटा होणार होता त्यांच्यातलाच एक.

रूढी आणि धर्म ही फारकत नंतरच्या लोकांनी सोयीसाठी केली. चांगलं झालं की धर्म, वाईट झालं की रूढी. असा जमाखर्च कुठलाही हिशेबनीस मान्य करणार नाही.

मग बाबासाहेबांनी धर्मच का सोडला नाही?

सोडला की. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. मात्र पुढची एकवीस वर्षं ते नुसतं "धर्म नको" म्हणत बसले नाहीत. धर्म शोधत राहिले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बौद्ध धम्म घेतला आणि अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या. त्या प्रतिज्ञा वाचून पाहा: देवांना नकार आहे, श्राद्धाला नकार आहे, आणि चोरी करणार नाही, दारू पिणार नाही, सर्व माणसं समान मानीन हेही आहे. एवढ्या मोठ्या समाजाला उभं राहायला नुसता कायदा आणि नुसती बुद्धी पुरणार नाही, हे देशाची घटना लिहिणाऱ्या माणसाला वाटलं, याला वजन आहे. माझ्या नास्तिक मित्रांना हे प्रकरण जरा अवघड जातं. माझ्या आस्तिक मित्रांना त्याहून अवघड.

जोतीराव फुल्यांचंही तसंच. निर्मिक, म्हणजे जग घडवणारा, ठेवला, मधला दलाल काढला.

देव न मानणारा नीतीने वागू शकतो का?

आगरकरांचं चरित्र वाचलेल्याने हा प्रश्न विचारू नये. पुण्यात जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली गेली. तुटपुंज्या पगारावर राहिले, १८९५ साली जेमतेम अडतीस वर्षांचे असताना दम्याने गेले, आणि आपल्या मागे अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्याचे पैसे वेगळे बांधून ठेवले होते. परलोक नाही असं मानणाऱ्या माणसाने इथलं देणं असं चुकतं केलं.

तरी लोकांना संशय असतोच. २०१७ साली १३ देशांतल्या लोकांना, त्यांत भारतही होता, एका क्रूर खुन्याचं वर्णन वाचायला देऊन संशोधकांनी चाचपलं, तेव्हा तो खुनी नास्तिक असेल असं लोकांना जास्त सहज वाटलं. गंमत म्हणजे स्वतः नास्तिक असलेल्यांनाही.

देवाची भीती नसेल तर माणूस चोऱ्या करेल ना?

देवळातल्या दानपेटीला कुलूप का असतं?

श्रद्धा वेगळी, अंधश्रद्धा वेगळी. असं म्हटलं की वाद मिटत नाही का?

मिटत नाही, लांबतो. कारण माझी ती श्रद्धा आणि शेजाऱ्याची ती अंधश्रद्धा, असंच प्रत्येकाला वाटतं. २१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपती दूध प्यायला. चमच्यातलं दूध पृष्ठताणाने दगडावर ओढलं जाऊन खाली ओघळतं, हे दोन दिवसांत सगळ्यांना कळलं. ही अंधश्रद्धा? असेल. पण त्यात कोणाचं काय गेलं? थोडं दूध आणि ऑफिसची अर्धी सुट्टी. उलट एखादी अतिशय शास्त्रशुद्ध, संस्कृतात लिहिलेली, विद्वानांनी मान्य केलेली गोष्ट कोणाच्या तरी मुलीचं आयुष्य खाऊ शकते. म्हणून मी खरंखोटं हा प्रश्न विज्ञानाच्या तासाला ठेवतो. नीतीच्या तासाला एकच: फेडतंय कोण?

जादूटोणाविरोधी कायद्याने सत्यनारायण, वारी, कीर्तन बंद होईल असं ऐकलं होतं...

ऐकलं होतं ते खोटं होतं. दहा वर्षं ही आवई उठवली गेली. २० ऑगस्ट २०१३ ला या कायद्यासाठी झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात पुलावर खून झाला, चारच दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्यात प्रदक्षिणा, यात्रा, हरिपाठ, कीर्तन, भजन, घरची पूजा, सण, मिरवणुका यांना हा कायदा लागू नाही, असं स्वच्छ लिहिलंय. बंदी कशावर आहे? भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, जोड्यातलं पाणी पाजणं. एखादीला चेटकीण ठरवणं. साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालणं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

या यादीत मारणारा आणि मार खाणारा एकच आहे, असं एकही कलम शोधून दाखवा.

तुम्ही फक्त हिंदूंनाच का बोलता?

कारण मी त्या घरात वाढलो. ज्या स्वयंपाकघरात जेवलो तिथलंच करपलेलं मला कळतं. बाकीचंही सांगतो. गोव्यात इन्क्विझिशन १५६० साली सुरू झालं ते १८१२ ला कायमचं बंद झालं. आत्म्याच्या उद्धाराचा नवस युरोपातल्या धर्मगुरूंचा आणि फेडायचा गोंयकारांनी. कुठ्ठाळीचा मंगेश नदीपलीकडे प्रियोळला न्यावा लागला तो याच राजवटीत. मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात मजारीपर्यंत जायला बायकांना उच्च न्यायालयात जावं लागलं, निकाल २०१६ साली लागला. त्याच वर्षी शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याचंही तेच झालं. देव निराळे, उंबरठा एकच.

आणि उलट बाजूही तशीच. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या, त्यावरून पुण्याने त्यांना काय काय ऐकवलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकलेल्या शेकडो मुलींना केडगावला घेऊन आल्या. ऐकवणाऱ्यांपैकी किती जण गेले होते?

दुःखात श्रद्धेचा आधार होतो, तो काढून घेऊन तुम्ही काय देणार?

काही नाही. म्हणून काढून घेत नाही. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं, यात जी दया आहे तिला मी हात लावणार नाही.

पण एक वाक्य मला सहन होत नाही: "मागच्या जन्मीचे भोग." स्वतःच्या दुखण्याबद्दल कोणी म्हणालं तर ऐकून घेतो, त्याची ती काठी आहे. मात्र अपंग लेकराच्या आईला, चाळिशीत कर्करोग झालेल्या बाईला भेटायला येऊन कोणी हे म्हणतं तेव्हा तो आधार राहत नाही, आरोप होतो. आणि म्हणणाऱ्याला त्यातून मिळतं ते असं: पिशवीतली चार केळी टेबलावर ठेवून निर्धास्तपणे घरी जाता येतं.

श्रद्धाळू लोक वेळेला शहाणपणाने वागतात, असं कधी झालंय का?

२०२० च्या आषाढीला. महामारीत पायी वारी नको म्हटल्यावर पादुका एसटी बसने मोजक्या माणसांसोबत पंढरपूरला गेल्या. पिढ्यानपिढ्या न चुकलेल्या घरांत वारी चुकली. लोकांनी गल्लीत, गच्चीवर, अंगणात दिंडी काढली. आपल्या पुण्याचा भुर्दंड दुसऱ्याच्या फुप्फुसांना नको, हे लाखो माणसांनी मुकाट मान्य केलं. याचं कौतुक व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही.

आई एका बाबांच्या नादी लागलीय, औषधं बंद केलीत. काय करू?

देवावरून भांडू नका, हरलात म्हणून समजा. देव आणि बाबा वेगळे करा. बाबा किती घेतो, कशाच्या नावाने घेतो, औषध बंद करायला तोच सांगतो का, हे शांतपणे विचारा. जमलं तर सोबत जाऊन बसा. तो मारहाण करत असेल, अघोरी उपाय करत असेल तर पोलीस ठाण्यात जा. या कायद्यासाठी नेमलेला दक्षता अधिकारी पोलीस निरीक्षक दर्जाचा असतो, त्यालाच भेटायचं आहे म्हणून सांगा.

आमच्या मावशीने अंगाऱ्यापायी इन्सुलिन सोडलं होतं. पायाची जखम भरेना. मी तावातावाने बोललो, तिने आठ दिवस अबोला धरला. शेवटी डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, "मावशी, देवाला दाखवून घ्याल का?" त्यावर ती तयार झाली. रोज बाटली देव्हाऱ्यासमोर ठेवायची, हात जोडायची आणि मग टोचून घ्यायची. बाटली परत फ्रीजमध्ये ठेवायचं काम माझ्याकडे होतं.